वेल उपटण्याचं अनुदान

सरकारनं शेतकऱ्याला म्हाताऱ्या वेली उपटायला पैसे दिले, ही गोष्ट निफाडच्या त्या द्राक्ष बागायतदाराला अजून पचलेली नाही. ॲडलेडला लेकीकडे गेला असताना जावयानं त्याला बरोसा खोरं दाखवायला नेलं होतं. बागेच्या तोंडाशीच पाटी: आत पाऊल टाकू नका. फिलॉक्सेरा ही मुळांवर जगणारी कीड बुटाच्या मातीतूनही पसरते. एकोणिसाव्या शतकात तिनं युरोपातल्या बागा उजाड केल्या, १८७७मध्ये ती ऑस्ट्रेलियातल्या जिलाँगला सापडली. पण बरोसा ज्या राज्यात आहे, त्या दक्षिण ऑस्ट्रेलियात तिला अजून शिरकाव मिळालेला नाही. बरोसातल्या तानुंडा गावात लँगमाइल वाइनरीच्या मळ्यात १८४३ साली लावलेला शिराझ द्राक्षाचा वेल म्हणूनच आजही स्वतःच्या मुळांवर उभा आहे.

बागायतदाराची स्वतःची बाग डॉगरिज जातीच्या खुंटावर कलम केलेली. बारा-पंधरा वर्षांनी माल घटला की बाग काढायची, हाच त्याच्याकडचा हिशोब. कुंपणाबाहेर उभा राहून तो ती पिळवटलेली खोडं बघत राहिला.

मग उपटणीची हकिकत कळली. ग्राहक व्हाइट वाइनकडे वळले, लाल द्राक्षांचे भाव कोसळले, माल पडून राहू लागला. त्यावर १९८०च्या दशकात दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या राज्य सरकारनं उपाय काढला तो बागा काढण्यासाठी अनुदानाचा. पहिला बळी गेला तो पाटाच्या पाण्याविना जगलेल्या जुन्या शिराझ आणि ग्रेनाशचा, कारण त्यांचा उतारा कमी. पणजोबांनी लावलेलं खोड पणतूनं ट्रॅक्टरला साखळी बांधून ओढायचं! बागायतदाराचा संताप आवरेना. नवी बाग चार वर्षांत उभी राहते. शंभर वर्षं मात्र कुठल्याच अनुदानातून परत मिळत नाहीत.

काही माणसं आडवी आली. उपटणीच्याही आधी, शेतकऱ्यांची द्राक्षं घेऊ नका, असं वाइनरीच्या मालकांनी सांगितल्यावर तिथं वाइन बनवणाऱ्या पीटर लेहमननं शेतकऱ्यांना दिलेला शब्द पाळला आणि त्यासाठी वेगळी वाइनरी काढली. रॉकफर्ड वाइनरीचा रॉबर्ट ओ'कॅलहन, चार्ली मेल्टन यांनी जुन्या वेलींच्या मालावर भिस्त ठेवली.

रात्री जेवताना मात्र बागायतदाराचा सूर बदलला. डोक्यावर बँकेचं कर्ज असतं, तर आपणही ते पैसे घेतले असते, असं तो म्हणाला. सकाळचा संताप ओसरला नव्हता, पण शेतकऱ्याला दोष देणं त्याला जमेना. आणि तेच खरं आहे. माल कमी, खोडाला रोग, छाटणी सगळी हातानं. नुसत्या कौतुकावर असली बाग टिकत नाही. दर किलोमागे मिळणारा भाव वेलीच्या वयाप्रमाणे वाढायलाच हवा.

त्या दिशेनं थोडं काम झालं आहे. बरोसानं २००९मध्ये वेलींच्या वयाची सनद केली: ३५ वर्षांपुढची वेल जुनी, ७० पुढची तग धरलेली, शंभरीपुढची शतायुषी, १२५ पुढची पूर्वज. दक्षिण आफ्रिकेत रोझा क्रूगर यांनी जुन्या बागा हुडकून काढल्या. तिथं ३५ वर्षांवरच्या नोंदणीकृत बागेच्या बाटलीवर लागवडीचं साल छापलेली मोहोर लागते. २०२४मध्ये आंतरराष्ट्रीय द्राक्ष व वाइन संघटनेनंही ३५ वर्षांची हीच मर्यादा मानली.

तेव्हा बाटलीवर ‘ओल्ड व्हाइन्स’ (जुन्या वेली) असं दिसलं, तर दुकानदाराला लागवडीचं साल विचारा. साल सांगता येत असेल, तरच जास्तीचे पैसे मोजा.