दोन धातूंमधला कागद

पश्चिम किनाऱ्यावर १ जूनपासून यांत्रिक नौकांच्या मासेमारीवर बंदी येते आणि कोकणातील बंदरे नौकांनी भरून जातात. जाळी विणली जातात, लाकडाला रंग चढतो. ही कामे साऱ्यांना दिसतात. इंजिनाच्या खोलीत वाकून मिस्त्री जे काम करत असतो, ते मात्र कोणाच्या नजरेस पडत नाही.

पुष्कळ नौकांचे इंजिन समुद्राच्या पाण्याने थंड राहते. एक लहानसा पंप हे पाणी ओढून घेतो. त्यात रबरी पात्यांचे चक्र फिरते आणि पंपाच्या तोंडावर धातूचे झाकण असते. झाकण व पंप यांच्यामध्ये एक पातळ कागदी चकती बसवलेली असते. तिचे नाव गॅस्केट. मिस्त्री तिला ‘पॅकिंग’ म्हणतो. धातूचे पृष्ठभाग कितीही गुळगुळीत दिसले, तरी त्यांत सूक्ष्म उंचसखलपणा असतोच. ती उणीव हा कागद भरून काढतो.

नौका पाण्यात असेल, तर मिस्त्री प्रथम समुद्राचे पाणी आत घेणारी झडप बंद करतो. झाकण काढून जुन्या पॅकिंगचे चिकटलेले तुकडे तो बोथट पात्याने हलकेच खरवडतो; कारण धातूवर ओरखडा उठला, तर त्यातूनच पाणी झिरपते. नवे पॅकिंग जुन्याच जाडीचे हवे. ते जाड झाले, तर पाती व झाकण यांत फट राहते आणि पंपाची ओढ मंदावते. पातळ झाले, तर पाती झाकणाला घासतात. चिकट लेपही बेताचाच लावावा लागतो. जास्तीचा लेप सुटून पाण्याच्या वाटेत अडकतो. शेवटी स्क्रू समोरासमोरचे, थोडे थोडे करून आवळायचे. एकच बाजू आधी घट्ट केली, तर झाकण तिरपे बसते. आणि जोर अधिक झाला, तर कागदच फाटतो.

हे सारे नीट झाले नाही, तर त्याची किंमत किनाऱ्यावर कळत नाही. दूर समुद्रात झाकणाच्या कडेने हवा आत शिरते किंवा खारे पाणी ठिबकू लागते. पंप कोरडा पडला, तर रबरी पाती थोड्याच वेळात जळतात. इंजिन तापते आणि बंद पडते. मग तांडेलाचा अनुभव आणि खलाशांचे बळ असूनही नौका वारा नेईल तिकडे वाहत जाते.

म्हणूनच जाणता मिस्त्री काम संपताच हत्यारे आवरत नाही. तो झडप उघडतो, इंजिन सुरू करतो आणि नौकेबाहेर पडणाऱ्या पाण्याच्या धारेकडे पाहतो. मग झाकणाच्या कडेवरून बोट फिरवतो. बोट कोरडे राहिले, तरच त्याचा चेहरा सैल होतो. नारळी पौर्णिमेला दर्यात नारळ सोडला जाईल, तेव्हा त्याचे नाव कोणी घेणार नाही. पण त्याच्या हातून नीट बसलेल्या त्या कागदाच्या भरवशावर काही घरांतील माणसे खोल समुद्रात जातील आणि परत येतील.