बरडावरचें रान

आमच्या वाड्याच्या माळ्यावर तांब्याचीं घंगाळें, मोडका पाळणा आणि जुन्या कागदांची पेटी ह्यांच्या संगतींत एक यांत्रिक करवत आठ वर्षें पडून होती. वाचकांपैकीं कोणीं ती पाहिली नसेल तर सांगतों: लांब पात्याभोंवतीं दातेरी साखळी फिरते, आणि तिला फिरवावयास हातांत मावेल एवढें पेट्रोलचें इंजिन असतें. आमच्याकडे ह्या यंत्रास ‘लांकूड कापायचें मशीन’ एवढेंच म्हणतात. २०१६ च्या उन्हाळ्यांत काकांनीं तें वर नेऊन ठेविलें. त्यानंतर त्याचा विषय घरांत कोणीं काढला नाहीं.

त्या उन्हाळ्याचें वर्णन लातूरकरांस करून सांगण्याची आवश्यकता नाहीं. मांजरा धरणाचा तळ उघडा पडला होता, आणि १२ एप्रिल रोजीं मिरजेहून पांच लक्ष लिटर पाणी घेऊन पहिली आगगाडी लातुरास आली. ती शहरासाठीं होती. अहमदपूर तालुक्यांतील आमच्या लहानशा गांवीं कोणती गाडी यावी? आजोबांनीं लाविलेली अठरा झाडांची आमराई विहिरीपाठोपाठ वाळली. आंबा तोडावयाचा तर १९६४ च्या वृक्षतोडीच्या कायद्यान्वयें परवानगी लागते. ती काकांनीं रीतसर काढली, आणि वाळलेलीं झाडें ह्याच यंत्रानें स्वतःच्या हातांनीं आडवीं केलीं. मजूर लावावे असें वडिलांनीं सुचविलें होतें. काका म्हणाले, “घरच्या माणसाला खांदा घरच्यांनींच द्यावा.”

आमराईच्या वरच्या अंगास आमचें दोन एकर बरड आहे. वर वीतभर माती, खालीं मुरूम. बालाघाटाच्या उतारावर असलीं बरडें पुष्कळ, आणि त्यांवर आतां वेडी बाभूळ माजली आहे. ही मूळची अमेरिकेकडील. इंग्रजी अमदानींत सरपणासाठीं व उजाड माळ झांकण्यासाठीं ती इकडे आणिली गेली. जनावरें तिच्या शेंगा खातात आणि बीं शेणावाटें जेथें तेथें पडतें. वरून तोडावी तर बुंध्यापासून दहा फांद्या फुटतात. लातूर जिल्ह्यांत वनांखालील भूमि शेंकडा एकाहूनही कमी. तेव्हां जें हिरवें आहे तें राहूं द्यावें असें म्हणणारेही गांवांत निघाले, आणि त्यांचें म्हणणें अगदींच टाकाऊ नाहीं.

२०२४ च्या होळीस माझी पुतणी घरीं आली. ती लातूरच्या कृषि महाविद्यालयांत शिकते. बाभूळ काढून तेथें ह्या मातीचें रान लावावें, असा बेत तिनें जेवतांना मांडला आणि यादी वाचून दाखविली: पळस, मोह, धावडा, खैर, बेल, बहावा, बिबा, टेंभुर्णी, हिवर, आपटा. काकूंनीं विचारलें, “आणि चिंच? सीताफळ?” पुतणी म्हणाली, चिंच आफ्रिकेची आणि सीताफळ अमेरिकेचें. काकूंनीं हातांतली पळी खालीं ठेवली. “चार पिढ्या ह्या घरच्या आमटींत पडते ती चिंच आफ्रिकेची काय?” ह्या वादाचा निकाल अद्याप लागलेला नाहीं. मला विचाराल तर, शतकानुशतकें ज्या झाडानें येथली धूळ खाल्ली त्यास परकें म्हणावयास माझी जीभ रेटत नाहीं.

बाभळीच्या बुंध्यांस मात्र कुऱ्हाड पुरणार नव्हती. यंत्र खालीं काढावें लागलें. काका कांहीं बोलले नाहींत. शिडी त्यांनींच धरली.

नांदेडास सचखंड गुरुद्वाराच्या अलीकडे एका बोळांत फवारणीचे पंप व जुन्या स्कूटरी दुरुस्त करणारे एक वृद्ध मिस्त्री आहेत. यंत्र पोत्यांत गुंडाळून मी लोह्यावरून एस. टी. नें तेथें गेलों. मिस्त्रींनीं टांकीचें झांकण उघडून वास घेतला. “आठ बरसांचं पेट्रोल आहे साहेब, डिंक झालाय त्याचा.” पंपाचें आणि ह्या करवतीचें इंजिन एकाच जातीचें, टू-स्ट्रोक, त्याचें वंगण पेट्रोलांतच मिसळावें लागतें. पेट्रोल उडून गेलें कीं चिकट थर तेवढा मागें राहतो. कार्बोरेटरांतील रबराचा पातळ पडदा कडक झाला होता, नळी बोट लावतांच तुटली. सायलेन्सर काढून त्या छिद्रांतून त्यांनीं विजेरीच्या उजेडांत पिस्टन न्याहाळला, ओरखडा नव्हता. “दिल साबूत आहे,” ते म्हणाले.

उशीर लागला तो ब्रेकास. पात्याचें टोंक लांकडास अडलें तर करवत एकाएकीं तोंडाकडे उसळी घेते. त्या क्षणीं पुढची दांडी ढकलली जाऊन साखळी थांबली पाहिजे. तेल व भुसा ह्यांनीं ती घट्ट बसली होती. ती मोकळी झाल्याविना यंत्र देणार नाहीं असें मिस्त्रींनीं बजावलें, म्हणून मला नांदेडांत मुक्काम पडला. दुसऱ्या दिवशीं खरवडून काढलेला भुसा कागदावर ठेविलेला दिसला. तो आंब्याचा होता. मीं पुडी बांधून खिशांत टाकली.

ह्या साखळीच्या दांतांची कथा मोठी मौजेची आहे. १९४६ सालीं अमेरिकेंतील ऑरेगन प्रांतांत जोसेफ कॉक्स नांवाचा लांकूडतोड्या, लांकूड पोखरणाऱ्या भुंगेऱ्याची अळी निरखीत बसला. रेषेच्या बाजूनें असो वा आडवें, ती सारख्याच सहजतेनें पुढें सरकत होती. तिच्या जबड्यांवरून त्यानें साखळीचे दांत घडविले. आज जगांत वापरांत असलेल्या बहुतेक साखळ्या त्याच घडणीच्या वंशांतील होत. एवढ्याशा किड्यापासून केवढीं अरण्यें आडवीं झालीं!

घरीं आल्यावर धार काकांनीं लाविली. ओसरीवर बसून, गोल कानशीनें, आधीं एका बाजूचे सर्व दांत, मग दुसऱ्या बाजूचे. पुडी मीं त्यांच्याजवळ ठेविली. त्यांनीं ती हुंगली आणि सदऱ्याच्या खिशांत घातली. कापावयास मात्र ते उभे राहिले नाहींत. शहात्तराव्या वर्षीं राहूंही नये. परंतु कारण वय नव्हे, हें आम्हां सर्वांस ठाऊक होतें.

वैशाखांत चुलतभावानें व मीं अर्धा एकर मोकळा केला. झाड यंत्रानें कापावयाचें, मग कुदळीनें खणून बुंधा मानेखालून तोडावयाचा. मातींत साखळी घातली कीं धार गेलीच. बाभळीखालीं पळसाचे जुने खुंट निघाले, आणि उजेड मिळतांच त्यांना धुमारे फुटले. जपानी वनस्पतिशास्त्रज्ञ अकिरा मियावाकी ह्यांच्या पद्धतीनें चौरस मीटरास तीन-चार रोपें लावून घनवन करण्याची सध्यां आवड आहे. पण त्यास आरंभींचीं दोन-तीन वर्षें पाणी द्यावें लागतें. २०१६ पाहिलेल्या घरानें तें कबूल करूं नये. आम्हीं दहा-दहा फुटांवर २१७ खड्डे घेतले.

रोपवाटिकांतून मोह मिळेना. त्याचें बीं साठवून टिकत नाहीं. पिकल्यावर कांहीं आठवड्यांतच पेरावें लागतें. म्हणून ज्येष्ठाच्या अखेरीस नांदेडहून मुदखेड, भोकर, हिमायतनगर करीत आगगाडीनें किनवट गांठलें. माहूरची रेणुका आमची कुलस्वामिनी, त्यामुळें हा मुलूख लहानपणापासून परिचयाचा. परंतु सारें लक्ष गडाकडे, झाडें पाहिलीं कोणीं? ह्या खेपेस डोळे भरून पाहिलीं. टेकड्यांवर सागाचीं नवीं पानें, मध्यें धावड्याचे पांढुरके बुंधे, आणि सकाळच्या पावसानें सुटलेला पाल्याचा वास. आमच्या सोयाबीनच्या सपाटीवरून गेलेल्या माणसास हा मराठवाडाच आहे असें स्वतःस बजावावें लागतें. अभयारण्यांतून बीं उचलणें योग्य नव्हे. एका शेताच्या बांधावरील मोहाखालीं एक गोंड वृद्धा टोळंबी वेंचीत होती, तिच्याकडून दोन शेर घेतलीं. ह्या बियांचें तेल काढतात. पेरावयास कोणी लातुराकडे नेतो ह्याचें तिला नवल वाटलें. “येईल का तुमच्याकडं?” तिनें विचारलें. मला उत्तर देतां आलें नाहीं.

आषाढांत लावणी झाली. धावड्याचें बीं बहुतेक पोकळ निघालें. मोह मात्र बरेच उगवले. शेवटच्या दिवशीं काका बरडावर आले. पुतणीच्या यादींत आंबा नव्हता. पाण्याविना तो जगणार नाहीं म्हणून तिनेंच वगळला होता. आमराईकडच्या कोपऱ्यांत काकांनीं स्वतः कुदळ घेऊन एक खड्डा केला, पुडी त्यांत रिकामी केली, वर एक कोय ठेविली आणि माती लोटली. पुतणीनें कांहीं वेळ त्यांच्याकडे पाहिलें, मग वहींत २१८ हा आंकडा मांडला.