आधी आत, मग बाहेर

गाडीचा स्टीरिओ काढायला काय काय लागतं, असं कुणी विचारलं तर मी सांगतो : प्लॅस्टिकची पट्टी, स्टार स्क्रूड्रायव्हर आणि आठवडाभर नखं न कापायचा निश्चय. पट्टी फ्रेमसाठी, स्क्रूड्रायव्हर स्क्रूंसाठी आणि नखं कपलरसाठी.

भोवतालची फ्रेम पट्टीने उचकली, बाजूचे चार स्क्रू सोडवले की डबा पुढे येतो. इथपर्यंत कुणीही पोचतं. गाडीचा मालकही मोबाइलवर व्हिडिओ बघत बघत पोचलेला असतो. पण डबा वीतभर पुढे येतो आणि अडतो, कारण मागच्या वायरी तेवढ्याच लांब ठेवलेल्या असतात. मग मागे हात घालायचा. मनगट जेमतेम जाईल एवढी फट, आत अंधार, कुठल्यातरी पत्र्याची धार हाताला लागतेय आणि बोटांच्या टोकांनी कपलर ओळखायचा. वायरींच्या जुडग्याच्या टोकाला असलेली ही प्लॅस्टिकची चौकोनी डबी स्टीरिओच्या पाठीत रुतून बसलेली असते.

चोंढीपासून रेवदंड्यापर्यंतच्या गाड्या ही तक्रार घेऊन माझ्याकडे येतात. डॅशबोर्ड उघडा, स्टीरिओ वायरींवर लोंबकळतोय, मालक घामाघूम. ‘दादा, जाम झालंय बहुतेक.’ बहुतेक वेळा काहीही जाम झालेलं नसतं.

कपलर सहजासहजी निघू नये असाच बनवलेला आहे, हे ध्यानात घेतलं की त्याच्यावरचा अर्धा राग जातो. वडखळहून पोयनाडमार्गे अलिबागला येणारा रस्ता ज्यांनी ऐन पावसाळ्यात अनुभवलाय त्यांना फार समजवावं लागत नाही. त्या रस्त्यावर गाडीतली प्रत्येक वस्तू सुटी व्हायला बघते. कपलरला तिथेही धरून राहायचं असतं, आणि तेही वर्षानुवर्षं, उन्हात तापून, पावसात निवून. म्हणून त्याच्या अंगावर एक लवचिक जीभ असते, जिभेवर आकडा असतो आणि स्टीरिओच्या खोबणीत त्या आकड्यासाठी कंगोरा असतो. घालताना आकडा आपला आपण वाकून कंगोऱ्यापलीकडे पडतो, टक् आवाज येतो. काढताना मात्र जीभ दाबल्याशिवाय तो मागे येत नाही.

मग जीभ दाबूनही का निघत नाही? कारण माणूस आधी ओढतो आणि मग दाबतो. ओढ लागली की आकडा कंगोऱ्यावर टेकतो, आणि जितकं ओढाल तितका घट्ट टेकतो. त्या ताणाखाली जीभ हलतच नाही, अंगठ्याचा जोर फुकट जातो. वायरी आखूड असल्या तर तुम्ही न ओढताही ताण असतोच, कारण लोंबकळणाऱ्या डब्याचं वजनच ओढत असतं. पावसात फुगलेल्या दाराची कडी काढायची तर आपण दार आधी आत रेटतो, तसंच इथे करायचं. डब्याखाली एक हात टेकू म्हणून ठेवायचा. दुसऱ्या हाताने कपलर आणखी आत ढकलायचा, अगदी किंचित. आकडा कंगोऱ्यावरून सुटा होतो. आता जीभ दाबून धरायची आणि डबी पकडून, जराशी डोलवत, मागे घ्यायची. वायरी पकडून ओढायच्या नाहीत. वायर टर्मिनलमध्ये फक्त चिमटून बसवलेली असते. ती हिसकली की वायर हातात येते आणि डबी जागच्या जागी राहते.

कुर्ल्याच्या सीएसटी रोडला ज्यांच्या हाताखाली मी शिकलो ते उस्ताद एवढंच म्हणायचे, ‘पहले अंदर, फिर बाहर.’ यापलीकडे या विषयावर त्यांनी कधी तोंड उघडलं नाही. कारणं मला पुढे कळली, भंगारातला एक स्टीरिओ टेबलावर उजेडात उघडून त्याची खोबणी बघताना.

जीभ नेमकी कुठे आहे हा आणखी एक घोळ. माणूस समोरून वाकतो, त्याला कपलरची वरची बाजू दिसते, म्हणून जीभ वरच असणार असं तो धरून चालतो. ती खालच्या अंगाला असते, कधी बाजूला, कधी दोन्ही कडांना एकेक. मी मोबाइलचा कॅमेरा फटीत घालून आधी फोटो काढतो. सगळ्या कपलरांचा आणि वायरी कुठून कुठे वळल्यात त्याचाही. गिऱ्हाइकाला वाटतं याला काम येत नाही. वाटू दे.

जीभ सुटल्यावरही काही कपलर रेटून धरतात. त्याला साधा हिशेब आहे. एक पिन सुटायला फार जोर लागत नाही, पण एका डबीत सोळा-वीस पिना असतात आणि सगळ्या एकदम सोडवायच्या असतात. म्हणून ते डोलवणं : आधी एका कडेच्या पिना ढिल्या होतात, मग दुसऱ्या. तेही बेतानेच, नाहीतर स्टीरिओतल्या पिना वाकतात, आणि वाकलेली पिन सरळ करण्यापेक्षा दहा कपलर काढणं बरं. फोक्सवॅगन, स्कोडासारख्या गाड्यांत या जोराचा बंदोबस्त आधीच केलेला असतो. त्यांच्या मोठ्या कपलरला एक दांडी असते. दांडी फिरवली की कपलर आपोआप बाहेर सरकतो. पहिल्यांदा बघणारा नेमकी ती दांडी सोडून बाकी सगळं हलवून बघतो.

अँटेनाची वायर ही वेगळी जात. शिकागोच्या गॅल्विन बंधूंनी 1930 साली मोटोरोला नावाने मोटारीतला रेडिओ बाजारात आणला. जुन्या गोल अँटेना जॅकला ते नाव अजून चिकटलेलं आहे. त्याला लॉकच नसतं. तो सरळ मागे ओढायचा. या सगळ्या प्रकरणात ओढणं चालतं अशी ही एकच जागा, आणि लोक नेमके इथे घाबरतात. नव्या गाड्यांत त्या जागी रंगीत प्लॅस्टिकचा फाक्रा कपलर आला, म्हणजे पुन्हा जीभ आली.

आता अलिबागचं खास दुखणं. इथे लोखंडी गेट, गच्चीवरची डिश, सायकलची साखळी, खारा वारा कुणालाच सोडत नाही. डॅशबोर्डच्या आत वारा थेट लागत नाही म्हणून लोक निर्धास्त असतात. पण समोरच्या काचेच्या रबरातून पाणी झिरपतं, समुद्रावरून आलेल्या ओल्या पायांनी मॅट भिजते आणि बंद गाडीत ती ओल कोंडून राहते. किहीम-आवासकडच्या बंगल्यांत मुंबईकरांच्या गाड्या महिनोन्महिने जागच्या हलत नाहीत. तिथे कपलर काढला की तांब्यावर हिरवट थर दिसतो. उंदीर वायरी खातात ते वेगळंच. 2020 च्या मार्चमध्ये भाऊचा धक्का ते मांडवा रो-रो सुरू झाली आणि लोक आपली गाडी बोटीत घालून आणायला लागले, तेव्हा मला वाटलं आता उभ्या गाड्यांचं काम कमी होणार. पण त्याच वर्षी 3 जूनला निसर्ग वादळ आलं. झाडं पडून काचा फुटलेल्या, आत पाऊस गेलेल्या गाड्या पुढे कितीतरी दिवस येत होत्या.

हिरवट थर धरलेल्या कपलरशी घाई करायची नाही. कॉन्टॅक्ट क्लीनरची फवारणी करायची, बाहेर येऊन चहा घ्यायचा, मग पुन्हा आत-बाहेर, आत-बाहेर, केसाकेसाने. जुनं झालेलं प्लॅस्टिक कडक झालेलं असतं, त्यात स्क्रूड्रायव्हर घालून उचकलं तर जीभ कटकन मोडते. मोडलेल्या जिभेचा कपलर परत बसतो खरा, पण पुढच्या खड्ड्यापर्यंतच.

खड्ड्यांचा आणखी एक छुपा प्रताप आहे. टर्मिनलवर बहुधा टिनचा मुलामा असतो. गाडी खडखडत राहिली की पिन आणि टर्मिनल एकमेकांवर सूक्ष्म घासत राहतात आणि झिजलेल्या मुलाम्याची काळपट पूड मध्ये साठते. मग एक स्पीकर मधूनच जातो, खड्डा लागला की परत येतो. अशा वेळी नुसता कपलर काढून, पुसून परत घातला तरी आवाज चालू होतो. मग गिऱ्हाईक विचारतं, ‘एवढ्याचे पैसे?’

स्टीरिओ बसवल्यावर एक शीळ ऐकू येण्याची तक्रारही नेहमीची. ॲक्सिलरेटर दाबला की शीळ चढते. दोष स्टीरिओचा नसतो, बहुतेकदा अर्थिंगचा असतो : परतीचा करंट नीट वाटेने न जाता भलत्या वायरीतून जातो आणि कानावर येतो. भटक्या करंटची गोष्ट अलिबागकरांना नवी वाटू नये. आपल्या गावात चुंबकीय वेधशाळा आली ती त्याच्यामुळेच. मुंबईला कुलाब्यात एकोणिसाव्या शतकापासून पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी होत होत्या. तिथल्या घोड्यांच्या ट्राम विजेवर चालवायचं ठरलं, आणि रुळांतून जमिनीत पसरणारा करंट या नोंदी बिघडवणार हे दिसायला लागलं. वेधशाळेचे संचालक नानाभाई मूस यांनी अलिबागची जागा निवडली, लोखंड टाळून इमारत उभी राहिली आणि 1904 मध्ये इथलं काम सुरू झालं. मला खरं कौतुक आहे ते पुढच्या दोन वर्षांचं. 1906 पर्यंत कुलाबा आणि अलिबाग दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी घेतल्या गेल्या, म्हणजे जुन्या आकड्यांचा सांधा नव्या आकड्यांशी जुळावा. त्यानंतरच जुनी जागा सोडली. मुंबईत विजेची ट्राम धावली 1907 मध्ये. जोडणी तोडावी तर अशी, असं मला तिथून जाताना वाटतं.

आमच्या धंद्यात हे फार कमी लोक करतात. कपलर निघत नाही, गिऱ्हाईक उभं आहे, मग कटर काढायचा आणि जुडगं कापायचं. दोन सेकंदांचं काम. कॅसेटच्या जमान्यात हे चोर करायचे. चोरीचा माल ओळखण्याची खूणच ती होती : पाठीमागे कापलेल्या वायरींचे शेपटे. तो प्रकार एवढा वाढला होता की स्टीरिओवाल्यांनी पुढे काढून खिशात घालता येईल असं तोंड दिलं. आता चोर कमी झाले आणि तेच काम बिल फाडून होतं.

कापलेली वायर मग रंग बघून पिळतात आणि टेप गुंडाळतात. बाजारातल्या स्टीरिओच्या वायरींचे रंग साधारण ठरलेले आहेत : पिवळी बॅटरीची, कायम चालू, लाल चावी फिरवल्यावरची, काळी अर्थ, पांढरी, करडी, हिरवी, जांभळी स्पीकरच्या, आणि त्याच रंगावर काळी रेघ म्हणजे त्या स्पीकरची मायनस. पण गाडीच्या बाजूच्या वायरींना हा नियम लागू नाही. तिथे प्रत्येक कंपनीचे रंग वेगळे. लालला लाल जोडली आणि फ्यूज उडाला, अशा गाड्या मी नेहमी बघतो. दुसरं म्हणजे, आता त्या जुडग्यात फक्त गाणी नसतात. स्टिअरिंगवरची बटणं, रिव्हर्स कॅमेरा, काही गाड्यांत सगळ्या गाडीचा आतला निरोप तिथूनच फिरतो. दमट हवेत टेपचा गोंद सुटतो, पिळलेलं तांबं काळं पडतं आणि सहा महिन्यांनी दोष शोधायला जो बसतो त्याच्या हाती कंपनीचा एकही रंग सलग लागत नाही. हे मी आळस म्हणून सोडून देत नाही. ज्याला कपलर काढता येत नाही त्याने डॅशबोर्ड उघडू नये.

बॅटरीबद्दल थोडक्यात. सगळ्याआधी दहाच्या पान्याने मायनसची तार सोडायची. मायनस आधी अशासाठी, की ती सुटल्यावर प्लस सोडताना पाना बॉडीला टेकला तरी ठिणगी पडत नाही. काही स्टीरिओ बॅटरी तुटली की परत सुरू होताना कोड मागतात, तो मालकाकडून आधी विचारून घ्यायचा. आणि आत पिवळ्या वेष्टणातल्या वायरी किंवा पिवळा कपलर दिसला तर हात मागे. तो एअरबॅगचा. 1 जुलै 2019 पासून नव्या गाड्यांत ड्रायव्हरची एअरबॅग सक्तीची आहे, तेव्हा पिवळं दिसणारच. बॅटरी सुटल्यावरही त्या यंत्रणेत थोडा वेळ चार्ज राहतो. काही मिनिटं थांबून मगच काम सुरू करावं.

तुम्ही अलिबागला गाडी लावा नाहीतर पुण्याला, नवा टचस्क्रीन बसवायला देताना कारागिराला पैशांच्या आधी एक विचारा : ‘मूळ कपलर कापणार का?’ ‘कापायला लागतो’ असं उत्तर आलं तर गाडी परत घ्या. बहुतेक गाड्यांसाठी मूळ कपलरला जशीच्या तशी जोडणारी तयार वायरिंग काही शे रुपयांत मिळते. काढलेला जुना स्टीरिओ, त्याच्या पट्ट्या आणि स्क्रू एका पिशवीत घालून मागून घ्या. गाडी विकताना ती पिशवी लागते.