मूठ वळली पाहिजे

४ एप्रिल २०२५

लेक पुण्याहून आली. ११ तारखेला तिचा वाढदिवस. गेल्या वर्षापासून तिनं दूध, दही, तूप, मध सगळं सोडलंय. अंडं आमच्या घरात कधीच नव्हतं. यंदा बाहेरचा केक नको म्हणाली. घरीच काडीवरचे केक पॉप करू, आणि आलेल्या प्रत्येकाला ते खाता आले पाहिजेत, एवढीच तिची मागणी.

केक पॉप म्हणजे केकचा चुरा करायचा, त्यात काहीतरी ओलसर, चिकट घालून गोळे वळायचे, काडी खोचायची आणि गोळा चॉकलेटात बुडवायचा. २००८ साली अमेरिकेतल्या अँजी डडली या बाईंनी ‘बेकरेला’ या नावानं ते लोकांपुढे आणले आणि तिथून जगभर पसरले. आईंना (सासूबाईंना) हे सगळं सांगितलं, तर त्या लगेच म्हणाल्या, “म्हणजे लाडूच की. शिळ्या पोळीचा मलिदा करतो तसा.” पोळी कुस्करायची, गूळ-तूप घालायचं, वळायचं. कृतीचा कणा खरंच तोच आहे. फक्त इथं तूप नाही आणि चॉकलेट आहे.

संध्याकाळी भाऊजी गावाकडून आले. त्यांच्या गोठ्यात म्हशी आहेत. लेकीनं दूध का सोडलं, हे त्यांनी तिला सरळ विचारलं. तिनंही सरळ सांगितलं: “काका, म्हशीला दूध येतं ते तिच्या रेडकासाठी. आणि रेडा झाला की त्याचं पुढं काय होतं, ते आपण कुणी विचारत नाही.” भाऊजी थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “पावसानं दगा दिला की ज्वारी जाते, तूर जाते. दर दहा दिवसांनी येणाऱ्या दुधाच्या पगारावर घर चालतं, पोरी.” दोघांचंही म्हणणं मला खरं वाटलं. दोन्ही इथं लिहून ठेवते.

५ एप्रिल

बाजारात गेले. मैदा, कोको पावडर, सोडा, व्हिनेगर आणि काड्या आणायच्या होत्या. पाकिटांच्या मागची बारीक अक्षरं इतक्या लक्षपूर्वक मी आजवर वाचली नव्हती.

पाकिटावरचा हिरवा ठिपका आपण पाहतो आणि निश्चिंत होतो. पण तो ठिपका एवढंच सांगतो की पदार्थ शाकाहारी आहे. आपल्या नियमात दूध, दुधाचे पदार्थ आणि मध शाकाहारातच धरलेले आहेत. वीगन पदार्थांसाठी अन्नसुरक्षा प्राधिकरणाचे वेगळे नियम २०२२ साली आले आणि त्यांचं चिन्हही वेगळं आहे: हिरव्या चौकटीतलं इंग्रजी व्ही अक्षर, त्यावर पान. आपल्या दुकानांत ते अजून क्वचितच दिसतं. त्यामुळे घटकांची यादी वाचण्याला पर्याय नाही. साध्या मारी बिस्किटातही बहुधा दूध पावडर असते. ‘मिल्क सॉलिड्स’, ‘व्हे’, ‘केसीन’ यांतला एकही शब्द दिसला तर त्यात दूध आहे असं समजायचं.

चॉकलेटाची खूप शोधाशोध झाली. केकवाले वापरतात ती कंपाउंडची लादी स्वस्त असते आणि लवकर घट्ट होते. तिच्यात कोको बटरऐवजी दुसरी वनस्पती चरबी असते. पण ‘डार्क’ लिहिलेल्या लाद्यांतही बऱ्याचदा दूध पावडर सापडते. शेवटी एका दुकानात कोको, कोको बटर, साखर आणि लेसिथिन एवढंच असलेली लादी मिळाली. तिच्यावरही तळाशी ‘दुधाचा अंश असू शकतो’ अशी ओळ होती. कारखान्यात त्याच यंत्रावर दुधाचं चॉकलेट होतं, म्हणून ती लिहितात. लेकीला तेवढ्यानं काही अडत नाही, पण ती ओळ मी मनात ठेवली.

साखरेबद्दलही लेकीनं विचारलं. परदेशात काही ठिकाणी साखर शुभ्र करायला हाडांचा कोळसा वापरतात, असं तिनं वाचलं होतं. आपल्याकडच्या कारखान्यांत बहुतेक साखर चुन्याची निवळी आणि गंधकाचा धूर देऊन स्वच्छ करतात. उसाच्या जिल्ह्यात राहिल्याचा उपयोग झाला. हे आमच्या घरात सगळ्यांनाच माहीत होतं.

६ एप्रिल

रामनवमी. दुपारी जन्मोत्सवाचा सुंठवडा वाटला: सुंठ, सुकं खोबरं, साखर, खसखस. लेकीनं हात पुढे केला आणि न विचारता खाल्ला. किती दिवसांनी प्रसादाला तिनं ‘यात काय आहे?’ असं विचारलं नाही.

मग आम्ही दोघी आठवत बसलो. तिळगूळ, शेंगदाण्याची चिक्की, राजगिऱ्याचे लाडू, दाण्याचे लाडू, आमच्या सोलापूरची शेंगा चटणी आणि कडक भाकरी. यांतल्या कशालाच दूध लागत नाही. १९४४ साली इंग्लंडात डोनाल्ड वॉटसन आणि त्यांच्या सोबत्यांनी ‘वीगन’ हे नाव घेऊन संस्था काढली, त्याच्या कितीतरी आधीपासून हे पदार्थ आपल्या डब्यांत आहेत. कोरडवाहू मुलखात स्निग्धपणा आणायला तेलबियाच हाताशी होत्या.

रात्री शेजारच्या वहिनी आल्या होत्या. त्यांच्या धाकट्याला दुधातल्या प्रथिनांची ॲलर्जी आहे. दुधातली साखर न पचणं वेगळं, त्यात पोट बिघडतं. याच्या अंगावर दुधाच्या थेंबानंही गांधी उठतात, श्वास लागतो. वर्गातल्या वाढदिवसांना तो केकच्या टेबलापासून लांब उभा राहतो, असं त्या सांगत होत्या. त्यांना आधी विचारून घेतलं: शेंगदाणा चालतो का? तीळ, गहू? ते सगळं तो रोज खातो. मग त्याला बोलावलं. आता लेकीच्या तत्त्वाइतकीच त्याच्या ताटाचीही काळजी घ्यायची आहे.

८ एप्रिल

एकादशी. उपवासाच्या दिवशी शेंगदाणे चालतात, म्हणून दाण्याची कामं आजच काढली.

एक वाटी दाणे रात्री भिजत घातले होते. सकाळी सालं काढून तीन वाट्या पाण्यात बारीक वाटले, फडक्यातून पिळले आणि दहा मिनिटं उकळलं. उकळलं नाही तर कच्चा उग्र वास राहतो. पांढरंशुभ्र दूध निघालं, वर साय धरावी तसा थरही आला. चोथा टाकला नाही, उद्या थालीपिठात जाईल.

दुसरे दाणे मंद आचेवर खमंग भाजले, पाखडले आणि मिक्सरमध्ये फिरवत राहिले. आधी कूट होतो, मग तो भांड्याच्या कडेला चिकटतो, आणि धीर धरून फिरवत राहिलं की दाण्याचं स्वतःचं तेल सुटून लोण्यासारखा लगदा होतो. तेल घालावं लागत नाही, पाणी तर अजिबात घालायचं नाही. आई पाहत बसल्या होत्या. बोटावर घेऊन चाखलं आणि म्हणाल्या, “हे तर चटणीच्या उखळात रोज बघत आले की.”

लेकीनं मला आज एक गोष्ट शिकवली आणि ती मला फार मोलाची वाटते. पदार्थातलं दूध काढून टाकण्याआधी ते तिथं कोणतं काम करत होतं ते विचारायचं. केकमधलं अंडं रचना धरून ठेवतं. लोणी पोत मऊ ठेवतं. दूध ओलावा देतं आणि त्यातली साखर-प्रथिनं रंग आणतात. ही कामं एकेक करून वाटून द्यायची. रचना मैद्यातलं ग्लुटेन आणि स्टार्च धरतील, मऊपणा तेल देईल, ओलावा आणि प्रथिनं दाण्याचं दूध देईल. फुगवायला सोडा आणि व्हिनेगर आहेत.

९ एप्रिल

द्वादशी. एकादशी पंढरपूरला आणि द्वादशी बार्शीला, असा वारकऱ्यांचा जुना रिवाज. सकाळी भगवंताच्या दर्शनाला गेलो. हेमाडपंती मंदिराच्या दगडी गारव्यात उभं राहिलं की बाहेरचं ऊन विसरायला होतं. आईंनी नातीला अंबरीष राजाची गोष्ट सांगितली. राजाचा उपवास सोडायचा मुहूर्त टळत चाललेला, आणि दुर्वास ऋषी स्नानाला गेलेले. पाहुण्याला सोडून जेवायचं नाही, आणि द्वादशी टळूही द्यायची नाही. राजानं नुसतं पाणी घेतलं. तरी ऋषी कोपले. पुढं सुदर्शन त्यांच्या मागे लागलं आणि ते परतून शरण आले, तोवर राजा जेवला नव्हता. आमच्या गावाचा देव या गोष्टीशी जोडलेला आहे. जेवायला बोलावलेल्या माणसाआधी यजमानानं ताटावर बसायचं नाही, ही शिकवण इथं लहानपणापासून कानावर पडते. ज्याला बोलावलंय त्याला खाता येईल असंच रांधायचं, हे मला त्याच शिकवणीचं पुढचं पाऊल वाटतं.

संध्याकाळी उतरत्या उन्हात केक केला. दीड कप मैदा, एक कप पिठीसाखर, तीन मोठे चमचे कोको, एक छोटा चमचा खायचा सोडा, अर्धा छोटा चमचा मीठ, सगळं दोनदा चाळलं. दुसऱ्या भांड्यात एक कप दाण्याचं दूध, पाऊण वाटीला थोडं कमी असं शेंगदाण्याचं तेल आणि एक मोठा चमचा पांढरं व्हिनेगर. दूध किंचित फाटल्यासारखं दिसतं, ते तसंच हवं. कोरडं आणि ओलं एकत्र केल्यावर जेमतेम मिसळेपर्यंत ढवळायचं. जास्त घोटलं की मैदा चिवट होतो. आणि थांबायचं नाही, कारण सोडा आणि आम्ल भेटताच वायू सुटायला लागतो. तो पिठात असतानाच भांडं आचेवर गेलं पाहिजे.

अमेरिकेत १९३० च्या दशकातल्या मंदीत अंडी, दूध, लोणी परवडेनासं झालं, तेव्हा याच धर्तीचा केक घरोघरी व्हायचा. टंचाईनं शोधलेली युक्ती आज आवडीनं वापरतोय.

ओव्हन नाही. कुकरच्या तळाशी मिठाचा थर, त्यावर जाळी, झाकणाची शिट्टी आणि रबर काढलेलं. आधी दहा मिनिटं तापवून मग डबा ठेवला आणि मंद आचेवर पाऊण तास. सुरी घालून पाहिली, कोरडी निघाली.

१० एप्रिल

गार झालेला केक हातानं चुरला. आता मुख्य काम. दाण्याचं लोणी चमच्या-चमच्यानं घालायचं. किती, याचं माप केकच्या ओलाव्यावर ठरतं. इतक्या चुऱ्याला चार-पाच मोठे चमचे लागले. लेक मोजायला बसली तेव्हा आई म्हणाल्या, “मापाचं काय धरतीस? मूठ वळती का बघ.” त्यांनी चुरा मुठीत दाबला, तळहात उघडला. गोळा राहिला, बोटाला चिकटला नाही आणि वरून टिचकी मारल्यावर दुभंगलाही नाही. तिथं थांबायचं. त्यापुढं लोणी पडलं तर गोळा जड होऊन काडीवरून घसरतो.

लिंबाएवढे गोळे आईंनी वळले. सुरेख, एकसारखे. लाडू वळून घडलेला हात होता तो. काडीचं टोक आधी पातळ चॉकलेटात बुडवून गोळ्यात अर्ध्यापर्यंत खोचलं. ते चॉकलेट आत घट्ट झालं की काडी धरून ठेवतं. मग सगळे गोळे फ्रिजमध्ये ठेवले.

११ एप्रिल

पहाटे चारला उठलो. कोको बटर साधारण ३४ अंशांना वितळतं आणि सध्या आमची दुपार चाळिशीला टेकते. चॉकलेटाचं काम बार्शीत या दिवसांत पहाटेच होतं.

दुहेरी भांड्यात चॉकलेट ४५ अंशांपर्यंत वितळवलं, ढवळत २८ वर आणलं, पुन्हा ३१ पर्यंत गरम केलं. कोको बटरचे स्फटिक सहा प्रकारचे असतात. त्यांतल्या एकानंच चकाकी आणि ‘कट्’ असा तुटण्याचा आवाज येतो. या चढउतारानं तोच प्रकार धरला जातो. गोळे फ्रिजमधून काढून दहा मिनिटं बाहेर ठेवले होते. फार गार गोळा बुडवला तर तो नंतर प्रसरण पावतो आणि वरच्या कवचाला भेगा जातात. गोळा सरळ बुडवायचा, वर काढायचा, काडी मनगटावर हलकेच आपटून जास्तीचं निथळू द्यायचं.

उभे करायला मालदांडी ज्वारीनं भरलेला मोठा डबा घेतला. ज्वारीत काड्या घट्ट उभ्या राहिल्या. थर्माकोलची गरजच पडली नाही.

शेजारच्या धाकट्यासाठीचे गोळे वेगळ्या ताटात, वेगळ्या हातानं केले. त्यांना ते चॉकलेट लावलंच नाही, काडीच्या टोकालाही नाही. पाकिटावरची ती ओळ त्याच्यासाठी होती. गुळाचा पाक लावून भाजलेल्या तिळात घोळवले. त्याच्या आईनं प्रत्येक डब्यावरचं लेबल स्वतः वाचलं, तेव्हाच गोळा त्याच्या हातात दिला. त्यानं दोन खाल्ले आणि तिसरा मागितला. मग इतर मुलांनीही तिळाचेच मागितले आणि चॉकलेटचे मोठ्यांना उरले.

१२ एप्रिल

हनुमान जयंती. भाऊजी काल उशिरा आले होते. आज निघताना पुतण्यांसाठी उरलेले पॉप बांधून मागितले. “दाण्याचंच आहे ना सगळं? मग आमच्या रानातले दाणे पाठवतो,” म्हणाले. लेकीनं त्यांच्यासाठी कृती कागदावर लिहून दिली. रेडकाचा विषय तिनं पुन्हा काढला नाही, आणि दुधाच्या पगाराचा त्यांनी नाही.

घरात आई दुधाचाच चहा पितील, भाऊजींच्या म्हशीच्या दुधाचा. लेकीसाठी दाण्याचं दूध वेगळं तापेल. दोन पातेली लागतात, म्हणून कामवाल्या मावशींनी आज विचारलं, असं किती दिवस चालणार? मी सांगितलं, लेक या घरी येईल तितके दिवस.