मापाची सायकल

माझे वजन ४६ किलो आणि उंची ४ फूट ११ इंच. सायकलीविषयी लिहायला बसले आणि सुरुवात स्वतःच्या वजनापासून केली, याचे वाचक भगिनींना नवल वाटेल. पण हलक्या सायकलीचा सगळा हिशेब इथूनच सुरू होतो.

गेल्या वर्षी मी एक सायकल बनवून घेतली. विकत घेतली असे म्हणत नाही, कारण ती कुठल्या दुकानात तयार मिळत नव्हती. सांगाडा माझ्या मापाने परदेशातून आला, बाकीचे भाग चार ठिकाणांहून आले आणि जोडणी आमच्या हॉलमध्ये चटईवर झाली. तिचे वजन ६ किलो ६०० ग्रॅम. खर्च अडीच लाखांच्या वर गेला. ही रक्कम ऐकून आमच्या मोठ्या जाऊबाई क्षणभर गप्प बसल्या आणि मग म्हणाल्या, "एवढ्यात हातातल्या बांगड्या झाल्या असत्या गं." दुसऱ्या एका नातेवाईक बाईंनी सरळच विचारले, "हा इसराफ नाही का?" प्रश्न रास्त आहे. पैसे माझ्या पगारातून टाकलेल्या भिशीचे होते, घरातले कुणाचे काही अडले नव्हते, तरी प्रश्न रास्तच आहे. म्हणून सविस्तर लिहिते.

माझ्या अब्बांचे कराडला सायकलचे दुकान होते. तासाने भाड्याने सायकली द्यायचे, पंक्चर काढायचे, ऑइलिंग-ओव्हरहॉलिंग करायचे. मी दुकानातल्या काळ्या उंच सायकलीवर नळीखालून पाय घालून हाफ पेडल मारत शिकले. सीटवर बसले की पाय पोचत नसत. आज ४४ व्या वर्षीही बाजारातली परिस्थिती फारशी बदललेली नाही. साताऱ्याहून मुद्दाम मोठ्या शहरात एका नावाजलेल्या दुकानात गेले, तर तिथल्या मुलाने मला वरपासून खालपर्यंत पाहिले आणि म्हणाला, "मॅडम, तुम्ही मुलांची सायकल घ्या." मग त्याच दुकानातून कंपनीची सर्वांत लहान रोड सायकल घेतली. वजन १० किलो ६०० ग्रॅम. तीन वर्षे चालवली. हँडल लांब असल्याने मानेला रग लागायची. वळताना बुटाचे टोक पुढच्या चाकाला घासायचे. याचे कारण साधे आहे. रोड सायकलची चाके बहुधा सगळ्या मापांत सारखीच असतात, ६२२ मिलिमीटर व्यासाच्या रिमची. सांगाडा लहान केला की चाक पायाच्या जवळ येते. सहा फुटी माणसाला ते जाणवतही नाही.

आता वजनाचे. यवतेश्वरचा घाट चढताना सायकलस्वाराची बहुतेक ताकद वजन वर नेण्यात जाते. सायकल, अंगावरचे कपडे, पाण्याची बाटली धरून माझे एकूण वजन ५८ किलो ६०० ग्रॅम व्हायचे. त्यातले ४ किलो कमी झाले म्हणजे जवळजवळ ७ टक्के ओझे उतरले. तेच ४ किलो ८० किलोच्या पुरुषाच्या सायकलीतून काढले, तर त्याला जेमतेम सव्वाचार टक्क्यांचा फायदा. मी शाळेत गणित शिकवते, त्यामुळे हा हिशेब वहीत मांडून नवऱ्यापुढे ठेवला. त्यांनी वही बाजूला सारली आणि म्हणाले, "मला पटवू नकोस, तुला हवी आहे ना?" पण मला हिशेब पटायला हवा होता. ज्या चढाला मला ५० मिनिटे लागतात, तो त्याच ताकदीने सुमारे साडेसेहेचाळीस मिनिटांत व्हावा, असे गणित सांगत होते. सपाट रस्त्यावर मात्र लढाई वाऱ्याशी असते, तिथे हलकेपणाचा उपयोग नगण्य. हे विकणारे सांगत नाहीत.

सायकल शर्यतींच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचा २००० सालापासून नियम आहे की शर्यतीच्या सायकलीचे वजन ६ किलो ८०० ग्रॅमपेक्षा कमी नसावे. उद्देश सुरक्षिततेचा होता. पण आकडा सगळ्यांना एकच! माझ्याएवढ्या बाईलाही तोच आणि धिप्पाड गड्यालाही तोच. लहान सांगाड्याला धातू कमी लागतो, तो आपोआप हलका होतो, तरी नियमात बसायला त्यात वजन भरावे लागते. मला शर्यतीत जायचे नाही, त्यामुळे माझी सायकल नियमापेक्षा २०० ग्रॅमने हलकी आहे आणि मला त्याची गंमत वाटते.

हलकेपणाचा हा नाद काही आजचा नाही. १९७२ साली बेल्जियमचा एडी मर्क्स मेक्सिको सिटीत एका तासात ४९.४३१ किलोमीटर गेला. त्याची सायकल इटलीच्या एर्नेस्टो कोल्नागोने बनवली होती आणि ती पावणेसहा किलोच्या आसपास होती. वजन उतरवण्यासाठी भागांना भोके पाडली होती, अगदी चेनच्या कड्यांनाही. हे मी अब्बांना सांगितले, तर ते म्हणाले, "चेनला भोकं? मग पुढची चेन कोण देणार होतं त्याला?" मर्क्सला ती सायकल एकच तास चालवायची होती. मला शाळेच्या निवृत्तीपर्यंत तरी चालवायची आहे.

म्हणूनच सांगाडा कार्बनचा न घेता टायटेनियमचा घेतला. कार्बन आणखी हलका पडतो, पण आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो, इमारतीला लिफ्ट नाही आणि जिन्याला प्रत्येक वळणावर लोखंडी कठडा आहे. तिथे सायकल आपटणारच. टायटेनियम पोलादाच्या मानाने घनतेत जेमतेम ५८ टक्के, गंजत नाही, रंगाची गरज नाही. जोडणे मात्र अवघड. तापलेले टायटेनियम हवेतला प्राणवायू शोषून ठिसूळ होते, म्हणून वेल्डिंग ऑरगॉन वायूच्या आवरणात करतात. सांगाडा करणाऱ्याने माझी मापे मागवली. अनवाणी भिंतीला टेकून उभे राहायचे, दोन पायांमध्ये जाड पुस्तक वर दाबून धरायचे आणि तिथून जमिनीपर्यंत टेप लावायचा. मग धडाचे माप, हाताचे, खांद्यांचे. मुलीने टेप धरला आणि हसून म्हणाली, "अम्मी, सायकल शिवायला टाकतेयस का?"

चाके ५७१ मिलिमीटरची ठरवली, म्हणजे बूट लागणार नाही. पेडलचे दांडे १७० ऐवजी १५५ मिलिमीटरचे. हँडल ३६ सेंटिमीटर रुंद. सीटवर मात्र वजन वाचवले नाही. १०० ग्रॅमची नुसती टणक पात्यासारखी सीट मिळते, मी २३० ग्रॅमची गादीची घेतली. जिथे शरीर टेकते तिथे ग्रॅम मोजू नयेत, असे माझे मत आहे. ब्रेकमध्येही काटकसर केली नाही.

चाके अब्बांनी भरली. वय ७६, दुकान बंद होऊन नऊ वर्षे झालेली. आयुष्यभर त्यांनी पुढच्या चाकाला ३२ आणि मागच्याला ४० स्पोक भरले. मी त्यांच्यापुढे २० आणि २४ ठेवले. "ही सायकल आहे का छत्री?" म्हणाले. मग स्पोक हातात घेऊन बोटांत फिरवला. दोन्ही टोकांना जाड, मध्ये बारीक. बराच वेळ काही बोलले नाहीत. पूर्वी ते स्पोकला नखाने टिचकी मारून आवाजावरून ताण ओळखायचे. आता त्यांना ऐकू कमी येते. म्हणून टिचकी मी मारायची आणि "हा खालचा सूर, हा वरचा" असे मोठ्याने सांगायचे. ते दोन-दोन स्पोक मुठीत दाबून पाहायचे आणि निपल पाव फेरा फिरवायचे. पुढचे चाक एका दिवसात झाले, मागच्याला तीन दिवस लागले. मागे गिअरमुळे दोन बाजूंचा ताण सारखा नसतो, आणि स्पोक कमी असल्याने एकाला हात लावला की चार बिघडतात. तिसऱ्या दिवशी अस्रनंतर त्यांनी चाक फिरवले आणि रिमजवळ बोट धरून पाहत राहिले. आउट केसभरही नव्हता. अम्मी गेल्यापासून त्यांना इतके तास एका कामात बसलेले आम्ही पाहिले नव्हते.

एका गोष्टीवर मात्र आमचे वाजले. पुढचा फोर्क कार्बनचा आहे, आणि तिथले बोल्ट ठरावीक ताकदीनेच आवळावे लागतात. त्यासाठी मी ५ न्यूटन-मीटरला "टक्" वाजणारा पाना आणला होता. अब्बा म्हणाले, "पन्नास वर्षं हाताला कळतंय." मी म्हटले, "अब्बा, तुमच्या हाताला लोखंड कळतं." थोडे चिडले. शेवटी त्यांनी आधी हाताने आवळले आणि मग तो पाना लावला. लगेच टक् झाले. त्यांनी माझ्याकडे नुसते पाहिले.

आता रोज फजरनंतर निघते. सैल ट्रॅकपँट, पूर्ण बाह्यांचा टीशर्ट, हेल्मेटखाली पातळ स्कार्फ. सुरुवातीला रस्त्यावरचे लोक वळून पाहायचे, आता दूधवाले सलाम करतात. घाटाला ४७ मिनिटे लागतात, गणितापेक्षा अर्धे मिनिट जास्त. उतरताना हलकी सायकल आडव्या वाऱ्याने सरकते, त्यामुळे मी वेग आवरते. पण फरक खरा जाणवतो तो आमच्या जिन्यात. आधीची सायकल खांद्यावर घेऊन तिसऱ्या मजल्यावर पोचेपर्यंत धाप लागायची, आणि एखाद्या सकाळी केवळ त्या जिन्याच्या विचाराने मी निघायचेच टाळायचे. कितीतरी बायकांच्या सायकली इमारतीखाली गंजतात, त्या अशाच. आता एका हाताने उचलते. दुसऱ्या हातात दुधाची पिशवी असते.

जूनमध्ये पाऊस लागला की ती हॉलमधल्या खुंटीवर टांगते आणि जुनी बाहेर काढते. पातळ टायर आणि आपला पावसाळी घाट यांचे जमत नाही. ५७१ चे टायर इथे मिळत नाहीत, म्हणून दोन जादा मागवून कपड्यांच्या कपाटात ठेवले आहेत. महिन्याच्या पहिल्या रविवारी अब्बा कराडहून एसटीने येतात. चहा नंतर, आधी चाक फिरवतात.