न कोसळलेली लाट

जुलै २०२२. इरई धरणाचे दरवाजे उघडल्याची खबर आली आणि चंद्रपूरच्या रहमतनगरात आम्ही सामान माळ्यावर चढवू लागलो. भिंतीवरचं होकुसाईच्या ‘मोठ्या लाटे’चं छापील चित्रही उतरवलं. मूळ चित्र जपानचं, १८३१च्या सुमाराचं. वर्गात मी मुलांना नेहमी लाटेचा फेसच दाखवत आलो. त्या रात्री पहिल्यांदा नावाडी नीट पाहिले. तीन होड्या, वाकलेली डोकी. लाट अजून कोसळलेली नाही. तेही वाटच पाहताहेत.

आमच्याकडे लाट येत नाही. पाणी नालीतून गुपचूप वर चढतं. अम्मी फज्रपर्यंत पायऱ्या मोजत बसली. दुसरी बुडाली तशी उठली. म्हणाली, “चल, आधी शेजारच्या नानींना बाहेर काढू.”

वाट पाहणं संपलं, की भीतीही थोडी उतरते, हे तेव्हा कळलं.