पाडाचा आंबा, चारोळी आणि बाबांची कवळी

गेल्या अठ्ठावीस वर्षांत माझ्या दवाखान्यातून बाहेर पडणाऱ्या जवळजवळ प्रत्येक वयस्क रुग्णाच्या हाती मी औषधांच्या चिठ्ठीबरोबर निषेधांची एक यादीही दिली असेल. साखर बंद, तूप बंद, तळलेले बंद. आणि आमच्या गोंदिया जिल्ह्यात उन्हाळा लागला की त्या यादीच्या शिरोभागी आंबा. ही यादी मी इतक्या सराईतपणे देत असे की ती रुग्णाच्या घरी जाऊन पुढे काय करते, याचा विचार करण्याचे कारणच कधी पडले नव्हते. ते कारण दोन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात माझ्याच घरात, बाबांच्या खोलीत उभे राहिले.

बाबा तेव्हा एक्याऐंशी वर्षांचे होते. जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर म्हणून आयुष्य गेलेले, मधुमेह वीस वर्षांचा. आई आदल्या वर्षी गेली होती. त्यांची साखर माझ्या देखरेखीखाली होती आणि तीन महिन्यांच्या सरासरीचा ६.४ हा आकडा मी अभिमानाने इतरांना सांगत असे. एके दिवशी पहाटे त्यांच्या खोलीतून काही पडल्याचा आवाज आला. जाऊन पाहिले तर ते पलंगाच्या कडेला घामाने भिजून बसलेले, हात थरथरत असलेला, आणि मला माझ्या धाकट्या काकाच्या नावाने हाक मारत होते. ग्लुकोमीटरने ५४ दाखवले. ते गिळू शकत होते म्हणून साखरेचे पाणी देता आले. पंधरा-वीस मिनिटांत बोलणे ताळ्यावर आले. शुद्ध हरपली असती तर तोंडावाटे काहीही देणे धोक्याचे ठरले असते. ही घटना आणखी तासभर उशिरा कळली असती तर काय झाले असते, हे मी कोणत्याही रुग्णाच्या नातेवाइकाला समजावून सांगू शकलो असतो. स्वतःला सांगण्याची मात्र हिंमत झाली नाही.

त्याच दिवशी त्यांचे वजन केले. दिवाळीत ५८ किलो असलेले बाबा आता साडेबावन्नवर आले होते. सहा महिने ते वर्षभरात वजन आपोआप शेकडा पाच किंवा त्याहून अधिक उतरले तर वृद्ध माणसाची तपासणी झालीच पाहिजे, हे वैद्यकाच्या कोणत्याही विद्यार्थ्याला ठाऊक असते. माझ्या दवाखान्यातला वजनकाटा बाबांच्या पलंगापासून फार तर वीस पावलांवर आहे. त्या वीस पावलांत सहा महिने गेले होते.

शोध घेतल्यावर गोष्टी एकामागून एक उलगडत गेल्या. रात्रीच्या पोळीचे तुकडे ते कागदात गुंडाळून सदऱ्याच्या खिशात ठेवत आणि सकाळी अंगणात येणाऱ्या गायीला घालत. कवळी रुमालात बांधून फडताळावर ठेवलेली होती. वजन उतरले, हिरड्यांचे हाड झिजले, तशी कवळी सैल झाली होती आणि तिच्याखाली हिरडी सोलवटून लाल झाली होती. "कवळी का लावत नाही?" असे विचारले तेव्हा ते शांतपणे म्हणाले, "भात-वरण आणि उकडलेला दुधी खायला दात कशाला लागतात रे?" त्यांना मिळत असलेला आहार मीच ठरवून दिला होता: पचायला हलका, चावायला सोपा, गोडाशिवाय, मिठाला कमी. त्यात खाण्यासारखे काय उरले होते, हे मी पाहिले नव्हते. आणि इकडे गोळी मात्र पूर्वीच्याच मात्रेने चालू होती. जेवण अर्धे आणि गोळी पूर्ण, हे गणित पहाटे ५४ वर येऊन थांबले.

ज्या घरांत मधुमेही वृद्ध आहेत, तेथील मंडळींना हे आवर्जून सांगावेसे वाटते. ग्लिमेपिराइड, ग्लिबेनक्लामाइड यांसारख्या गोळ्या आणि इन्सुलिन जेवणाची वाट पाहत नाहीत. म्हाताऱ्या माणसाचे जेवण कमी झाले असेल तर त्याच आठवड्यात डॉक्टरांना कळवावे. पुढच्या तपासणीची तारीख येईपर्यंत थांबू नये. ऐंशीच्या घरातल्या, थकलेल्या शरीरात सरासरीचा आकडा आठच्या आसपास राहिला तरी बहुधा चालते. साखर वारंवार खाली जाणे मात्र चालत नाही. मेटफॉर्मिनने तोंडाला धातूसारखी चव येते आणि भूक मंदावते, काही गोळ्यांनी तोंड कोरडे पडते. "आजोबांना चव लागत नाही" ही तक्रार हट्ट समजून सोडून देऊ नये. वयाबरोबर वास आणि चव दोन्ही उणावतात. अशा वेळी दाताखालचा कुरकुरीतपणा आणि त्याचा कानापर्यंत जाणारा आवाज एवढाच जेवणाचा आनंद बाकी राहतो. माझ्या यादीने नेमका तोही काढून घेतला होता.

गोंदियातील एका दंतवैद्यांनी कवळीला आतून नवे अस्तर दिले, हिरडीवरचा बुरशीचा संसर्ग बरा केला. माझ्या वरिष्ठ फिजिशियन मित्राच्या सल्ल्याने गोळी बदलली, मात्रा कमी केली. तरीही बाबा ताटावर येऊन बसेनात. कवळी होती, भूकही थोडी परतली होती, इच्छा नव्हती.

माझी मुलगी पुण्याला असते. तिने फोनवर एका पदार्थाचे छायाचित्र पाठवले. परदेशात त्याला क्रिस्प म्हणतात, इंग्रज लोक क्रम्बल म्हणतात. खाली फळांच्या फोडी, वर ओट्स, पीठ, लोणी आणि दाणेमेवा यांचा खरखरीत थर, आणि सगळे भट्टीत भाजलेले. तिच्या चित्रात पीच आणि चेरी होत्या. आमच्या बाजारात पीच कोण आणणार? पण मे महिन्यात आमच्याकडे जे मिळते, ते पाहिल्यावर या पदार्थाचे सगळे सामान झाडीपट्टीतच असल्याचे ध्यानात आले. फळ म्हणून पाडाला आलेला आंबा: पूर्ण पिकलेला नव्हे, फोड घट्ट राहील आणि जिभेला थोडा आंबट लागेल असा. ओट्सऐवजी जाड पोहे. भाताच्या जिल्ह्यात त्यांना तोटा नाही. आणि मेव्यासाठी चारोळी.

चारोळी बासुंदीत आणि श्रीखंडात सगळ्यांना भेटते, पण तिचे फळ शहरात फारसे कोणी पाहिलेले नसते. आमच्या रानात एप्रिल-मे महिन्यांत चार पिकतात. काळपट जांभळी, वाटाण्यापेक्षा थोडी मोठी, आंबटगोड. तेंदूपत्त्याच्या हंगामातच बायका टोपल्यांतून ती आठवडी बाजारात आणतात. (घाईने हिरवी चार तोडली, फांद्याच छाटल्या, तर गरही हाती लागत नाही आणि झाडही जाते. पूर्ण काळी झालेली चार घ्यावीत.) मी दोन शेर चार घेऊन घरी आलो तेव्हा बाबांनी महिन्याभरात प्रथमच स्वतःहून प्रश्न विचारला: "बिया फोडणार कोण?"

मग त्यांनीच सूत्रे हाती घेतली. चार रात्रभर पाण्यात भिजवली, सकाळी हाताने चोळून गर काढला, बिया दोन दिवस उन्हात वाळवल्या. जाते आता घरात नव्हते, म्हणून पाट्यावर वरवंटा हलक्या हाताने फिरवून कवच फोडायचे आणि सुपात पाखडून दाणा वेगळा करायचा. जोर जास्त पडला तर दाण्याचा चुरा होतो, कमी पडला तर बी घरंगळून जाते. लहानपणी त्यांच्या आईबरोबर त्यांनी हे काम केले होते. तीन दिवसांत जेमतेम मूठभर चारोळी निघाली. बाजारातून आणली असती तर पाच मिनिटांचे काम. पण त्या तीन दिवसांत बाबा दोन वेळा पूर्ण जेवले, हे मी वहीत नोंदवून ठेवले आहे.

आमच्याकडे ओव्हन नाही. पहिला प्रयोग कुकरमध्ये, शिट्टी आणि रिंग काढून केला आणि तो साफ फसला. आंब्याची वाफ वरच्या थरात शिरली आणि सगळे मऊ पडले. बाबांनी चमचा लावून पाहिला आणि म्हणाले, "हा तर शिरा झाला, डॉक्टर." चूक नंतर लक्षात आली: कढईत किंवा कुकरमध्ये आच खालून येते, वरचा थर भाजला जातच नाही. तो आधीच वेगळा भाजून, अगदी शेवटी पसरावा लागतो.

आता जे जमते ते असे. सहा जणांसाठी सोललेल्या, घट्ट आंब्याच्या फोडी सुमारे ६०० ग्रॅम घ्याव्या. त्यांना अर्ध्या लिंबाचा रस, एक मोठा चमचा तांदळाचे पीठ, चिमूटभर सुंठ आणि वेलदोडा लावावा. साखर मुळीच घालू नये. फोडी पसरट डब्यात ठेवाव्या. जाड बुडाच्या जुन्या लोखंडी कढईत बोटभर स्वच्छ, कोरडी वाळू पसरून मध्ये स्टीलचे कडे ठेवावे, वर जड झाकण घालून दहा मिनिटे मध्यम आचेवर तापवावे. मग डबा आत ठेवून वीस मिनिटे झाकावे. तोवर तव्यावर एक वाटी जाड पोहे कोरडे भाजून हाताने जाडसर चुरावे. तीन मोठे चमचे तूप तापवून त्यात अर्धी वाटी जाडसर कणीक खमंग होईपर्यंत परतावी. पाव वाटी चारोळी आणि तेवढाच भाजलेल्या शेंगदाण्यांचा जाडसर कूट घालावा. गॅस बंद करून पोहे, दोन चमचे किसलेला गूळ आणि कणभर मीठ मिसळावे. हा चुरा आंब्यावर पसरून झाकण किंचित कलते ठेवावे, म्हणजे वाफ निघून जाईल, आणि आणखी आठ-दहा मिनिटे ठेवावे. ओव्हन असेल तर एवढा खटाटोप नको: सगळे एकदम रचून १८० अंशांवर अर्धा तास. नवतपा चालू असेल तर हे काम पहाटे साडेपाचला उरकावे. दुपारी पंचेचाळीस अंशांत चुलीपाशी उभे राहण्याचे धाडस मी कोणाला सांगणार नाही. कोमट झाल्यावर, हवे तर घट्ट दह्याच्या चमच्याबरोबर वाढावे.

हा पदार्थ औषध नव्हे, हे डॉक्टर म्हणून सांगितले पाहिजे. भाजल्याने आंब्यातली साखर कमी होत नाही. एका वाट्यात माझ्या हिशेबाने पावणेतीनशे ते तीनशे कॅलरी आणि साधारण एका वाटी भाताइतकी कर्बोदके आहेत. म्हणून मधुमेही माणसाने तो जेवणानंतर वरकड म्हणून न खाता त्या वेळच्या भाताऐवजी खावा, तोही आपल्या डॉक्टरांना विचारून. आपण गोंदियाकर आंब्याची फोड मोजतो, भाताची दुसरी वाटी कधीच मोजत नाही! किमतीबरोबर तेलही जास्त असलेली चारोळी लवकर खवट होते. घालण्यापूर्वी एक दाणा चावून पाहावा. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी आंबा आणि दाणे दोन्हींचे प्रमाण विचारून घ्यावे. आणि ज्यांना पाणी पिताना ठसका लागतो, पक्षाघात किंवा कंपवात होऊन गेला आहे, त्यांना दाणेदार पदार्थ देऊच नये. खालचा पातळ रस आणि वरचा कोरडा कण एका घासात सांभाळणे त्यांच्या घशाला जमत नाही. दाणा श्वासनलिकेत जातो.

दुसऱ्या प्रयत्नाच्या वेळी बाबा कवळी लावून, रुमाल गुडघ्यावर पसरून बसले. पहिल्या घासाचा आवाज मलाही ऐकू आला. त्यांनी काही शेरा दिला नाही. वाटी पुसून पुढे केली. पोळ्यापर्यंत वजन ५४ झाले, दिवाळीत साडेपंचावन्न. सरासरी साखर ७.४. यात कवळीचा आणि कमी केलेल्या गोळीचा वाटा सर्वांत मोठा, हे मान्य. पण त्या उन्हाळ्यात दर रविवारी ते पहाटे माझ्याआधी उठून वाळू चाळून ठेवत, त्याची नोंद कोणत्या रकान्यात करावी ते मला कळलेले नाही. दवाखान्यातली निषेधांची छापील यादी मी काढून टाकली. आता वृद्ध रुग्ण आला की आधी त्याला काट्यावर उभे करतो, मग कवळी काढून हिरड्या पाहतो, आणि मग विचारतो, की काल रात्री काय जेवलात.

या वर्षी जानेवारीत बाबांना पक्षाघाताचा सौम्य झटका आला. हातपाय सावरले, पण गिळण्यात दोष राहिला. पाणीसुद्धा दाटसर करून द्यावे लागते. त्यामुळे त्यांच्या वाटीतला आंबा मी चाळणीतून घोटून घेतो आणि कुरकुरीत थर मुळीच घालत नाही. त्यांना सरळ बसवून, छोट्या चमच्याने, घाई न करता देतो आणि नंतर अर्धा तास आडवे होऊ देत नाही. चारोळी मात्र त्यांनी यंदाही पाखडली, एका हाताने, अधूनमधून शिव्या देत. माझी वाटी मी त्यांच्याजवळ बसून खावी, अशी त्यांची अट आहे. गेल्या रविवारी मी तोंड मिटून, आवाज न करता चावत होतो, तर त्यांनी चमचा धरलेला माझा हात थांबवला.

"तोंड मिटून खायची शिस्त तुला मीच लावली," ते म्हणाले, "ती आता सोड. मला ऐकू येऊ दे."

मी तोंड उघडे ठेवून उरलेला घास चावला.